जुन्या रायफलीचा नवा माल : नकलेचा धंदा उजळ माथ्याने कसा चालतो



काही वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका निर्यातदाराने माझ्याकडे लाल लोकरीच्या कापडाची चौकशी केली. माझा मुख्य धंदा सुती मालाचा, पण ओळखीने लोकरीचा माल मी अमृतसरहून मागवून देतो. मी नमुना पाठवला. तो परत आला. रंग बरोबर, पण पोत हलका. दुसरा पाठवला. त्यात थोडा पॉलिस्टर मिसळलेला होता, म्हणून तोही परत. तिसऱ्या वेळी मी जरा चिडूनच फोन केला की, बाबा रे, हे घालणारा आहे तरी कोण? तेव्हा समजले की इंग्लंड-अमेरिकेत हजारो हौशी लोक सुटीच्या दिवशी जुन्या काळच्या फौजेचा पोशाख चढवून मैदानात जातात आणि दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची लढाई जशीच्या तशी करून दाखवतात. हे लोक बटणे मोजतात, शिलाईचे टाके मोजतात. मी सहज विचारले, "आणि हातातली बंदूक?" तो म्हणाला, "तीही नवीनच. पण माप जुने."

तो कापडाचा सौदा शेवटी छोटाच झाला. पण ही नवी-जुनी बंदूक माझ्या डोक्यातून जाईना. मिळेल तशी माहिती गोळा करीत गेलो आणि लक्षात आले की जगात नकलेचा जो काही व्यापार चालतो त्यात हा सर्वात शिकण्यासारखा आहे. आपल्यापैकी किती जणांची रोजीरोटी जुन्या नमुन्यांवर चालते याचा विचार करा. हिमरू, जरी, चादरी, बिदरी, पितळी भांडी, सगळीकडे आजोबांच्या काळचा नमुना आणि आजचा माल. मग नकल कुठपर्यंत हुन्नर आणि कुठून पुढे फसवणूक, हा प्रश्न आपल्याला रोजचाच आहे.

आधी एक गोष्ट साफ करतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणे, विकणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. तोंडाकडून दारू भरायची जुन्या पद्धतीची बंदूकही त्यातून सुटत नाही. तेव्हा या धंद्यात उतरा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. दुसऱ्याच्या दुकानात उभे राहून त्याची गादी, त्याचे माप आणि त्याचा हिशेब पाहावा, तसा हा अभ्यास आहे.

असल माल

या बाजारात बऱ्याच जुन्या रायफलींच्या नकला होतात. मी त्यातली एकच धरतो, कारण तिचे नाव आपण शाळेत ऐकलेले आहे. एन्फिल्ड, नमुना १८५३. नळी ३९ इंच लांब, नळीचे भोक ०.५७७ इंच, वजन साधारण साडेनऊ पौंड, नळी आणि लाकडी दस्ता यांना बांधून ठेवणाऱ्या तीन पट्ट्या. नळीच्या आत पिळाचे आटे पाडलेले, त्यामुळे गोळी गरगरत सरळ जाते आणि साध्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा कितीतरी लांब पल्ल्यावर नेम बसतो. खटक्याखाली तांब्याची छोटी टोपी बसवायची, म्हणून आपल्याकडे अशा बंदुकीला टोपीदार बंदूक म्हणत.

हीच ती रायफल जिची काडतुसे १८५७ साली गाजली. गोळी आणि दारू कागदाच्या पुडीत बांधलेली असे. पुडीचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि कागदात गुंडाळलेली गोळी गजाने खाली ठासायची. कागदाला ठासण्यापुरती चरबी लावलेली असे. ती गाईची आणि डुकराची आहे ही बातमी जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमहून पसरली, आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. उठाव मोडल्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती आटे नसलेली, गुळगुळीत नळीची बंदूक दिली. दिसायला एन्फिल्डसारखी, पण नेम कमी. ही सुद्धा एक नकलच म्हणायची, आणि ती सरकारने स्वतःच केलेली.

आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट मात्र लढाईची नाही, कारखान्याची आहे. सुरुवातीला ही रायफल बर्मिंगहॅम आणि लंडनचे ठेकेदार बनवीत. नळी एकाकडे, खटका दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे. कानस मारून मारून एक नग जुळवायचा. एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसेल याची खात्री नाही. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. त्यात अमेरिकेच्या व्हरमाँट प्रांतातल्या रॉबिन्स अँड लॉरेन्स या कारखान्याने सहा रायफली मांडल्या होत्या. त्यांचे भाग सुटे करून एकमेकांत मिसळले तरी पुन्हा जोडता येत. इंग्रज चमकले. १८५४ मध्ये त्यांची समिती अमेरिकेला गेली, यंत्रे विकत घेतली, तिकडचा एक जाणता इंजिनिअरही आणला, आणि लंडनच्या उत्तरेला एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात १८५८ च्या सुमारास यंत्रावर माल निघू लागला. असा माल निघायचा तर प्रत्येक भागाचे माप तपासायला पोलादी मापे लागतात. त्यांना गेज म्हणतात. भाग गेजमध्ये बसला तर पास, नाही तर भंगारात.

गेजच्या जोडीला मोहोरबंद नमुना असे. सरकारने पसंत केलेला एक नग, त्यावर लाखेची मोहोर, आणि तो जपून ठेवलेला. ठेकेदाराशी वाद झाला की तो नग बाहेर काढायचा. आपल्यापैकी ज्यांनी सरकारी कापडाचे टेंडर भरले आहे त्यांना सील केलेला नमुना म्हणजे काय ते सांगायला नको. एन्फिल्डचा कारखाना १९८८ साली बंद झाला, तरी नमुन्यांचा तो संग्रह मोडीत निघाला नाही. तो आधी नॉटिंगहॅमला नेला आणि २००५ मध्ये लीड्सच्या शाही शस्त्रसंग्रहालयाकडे गेला. कारखाना गेला, माप राहिले.

मागणी कुठून आली

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, दोन्ही बाजूंनी एन्फिल्ड रायफली लाखोंच्या संख्येने विकत घेतल्या. त्यामुळे ही इंग्रजी रायफल अमेरिकनांच्या घरची झाली. १९५० साली तिकडे उत्तर-दक्षिण स्कर्मिश असोसिएशन नावाची संघटना निघाली. तिचे सभासद जुन्या रायफलींनी खऱ्या गोळ्यांनी नेमबाजी करतात. पुढे १९६१ ते १९६५ या काळात युद्धाची शंभरी साजरी झाली आणि मागणीला पूर आला. आता अडचण अशी की असल बंदुका शंभर वर्षांच्या. नळ्या गंजलेल्या, लाकूड चिरलेले, आणि चांगला नग मिळाला तर त्याची किंमत दर वर्षी चढलेली. गिऱ्हाईक उभे आहे आणि माल नाही, अशी स्थिती.

ही जागा ओळखली न्यू जर्सीच्या व्हॅल फोर्गेट नावाच्या व्यापाऱ्याने. नेव्ही आर्म्स ही त्याची पेढी. तो स्वतः जुन्या बंदुकीचा नेमबाज होता, म्हणजे गिऱ्हाईक काय मागते ते त्याला आतून माहीत होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो इटलीला गेला आणि गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावी ग्रेगोरेल्ली आणि उबेर्ती या दोन कारागिरांकडून त्याने १८५१ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची नकल करून घेतली. सुरुवात पिस्तुलाची, रायफली मागून आल्या.

या गावाबद्दल थोडे सांगतो, कारण ते वाचताना मला मालेगाव-सोलापूरच्या गल्ल्या आठवल्या. उत्तर इटलीत ब्रेशिया शहराच्या वरच्या अंगाला एक खोरे आहे. डोंगरात लोखंडाची खाण, खाली नदी, त्यामुळे शेकडो वर्षांपासून तिथे बंदुकीच्या नळ्या बनतात. तिथल्या बेरेत्ता घराण्याने १५२६ मध्ये व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या विकल्याचा कागद आजही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी काम आटले, पण हात शिल्लक होते. एका घरात नळी, दुसऱ्यात खटका, तिसऱ्यात लाकूडकाम, आणि एखादा कारखानदार सगळे जोडून आपल्या नावाने बाहेर काढणारा. दाविदे पेदेरसोली यांचा कारखाना १९५७ चा. आधी शिकारीच्या बंदुका, मग १९७३ पासून तोंडाकडून भरायच्या जुन्या नमुन्यांकडे ते वळले. आर्मी स्पोर्ट १९५८ ची, उबेर्ती १९५९ ची. दोन-तीन वर्षांत एवढ्या पेढ्या एका खोऱ्यात उभ्या राहिल्या ते काही योगायोगाने नाही. कच्चा माल, हात, तपासणीचे ठाणे आणि परदेशी गिऱ्हाईक, चारही गोष्टी एकत्र आल्या. जपानच्या मिरोकूनेही काही अमेरिकन आणि इंग्रजी नमुने काढले, पण जम बसला तो इटलीचाच.

यातही एक गंमत झाली. शंभरीच्या काळात सर्वात जास्त चाललेल्या रायफल-नकलांपैकी एक होती रेमिंग्टनची १८६३ ची 'झुवाव्ह'. दिसायला फार देखणी, पितळी पट्ट्या चकचकीत, लांबी बेताची, नेमालाही चांगली. असल झुवाव्ह साडेबारा हजारांच्या आसपास बनल्या होत्या, पण त्या युद्धात कोणा पलटणीला वाटल्याचा पुरावाच सापडत नाही. गोदामातच राहिल्या, म्हणून तर त्यांचे नग इतके कोरे मिळत आणि नकल करायला सोयीचे पडत. पुढे हौशी मंडळींचा अभ्यास वाढला तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आपण ज्या बंदुकीने लढाई दाखवतो ती लढाईत नव्हतीच! मग अनेक मंडळांनी झुवाव्ह बंद केली आणि मागणी १८५३ च्या एन्फिल्डकडे आणि १८६१ च्या स्प्रिंगफिल्डकडे वळली. आपल्याकडेही रंगावर भुललेले गिऱ्हाईक दहा वर्षांनी जाणकार होऊन परत येते. त्या वेळी त्याला दाखवायला आपल्याकडे काय आहे, हे आधी पाहून ठेवावे लागते.

बर्मिंगहॅमची एन्फिल्ड

१९७० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल पेढीने ठरवले की एन्फिल्ड आपण करायची. त्यांनी मूळ काळातली गेज आणि नमुने समोर ठेवून काम केले. तीन पट्ट्यांची १८५३ ची, दोन पट्ट्यांची १८५८ ची आरमारी, आणि घोडदळ-तोफखान्यासाठीची आखूड १८६१ ची, असे तीन नग काढले. नळीचे आटेसुद्धा जुन्या पद्धतीचे, मागच्या बाजूला खोल आणि तोंडाकडे उथळ होत जाणारे. हे काम महागडे आहे. साधे सारख्या खोलीचे आटे पाडणे कितीतरी सोपे. शिवाय वरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाहीत. पण शंभर यार्डांवर कागदाला लागलेली गोळी दाखवते.

इथेच मला थांबावेसे वाटते. त्यांचा माल इटलीच्या मालापेक्षा महाग असूनही नेमबाज तो शोधून घेत. का? कारण नकल करताना त्यांनी बंदुकीचे चित्र समोर ठेवले नाही, माप समोर ठेवले. जुना नग समोर ठेवून नुसत्या डोळ्याने केलेली नकल दर पिढीत थोडी थोडी सरकते. इटलीच्या काही कारखान्यांच्या एन्फिल्डबद्दल जाणकारांची तक्रार हीच होती की दस्ता जाडजूड, पट्ट्यांचा आकार वेगळा, स्क्रू मेट्रिक मापाचे. दुरून एन्फिल्ड, हातात घेतली की दुसरेच काही. पार्कर-हेलचे पुष्कळ भाग मात्र असल बंदुकीला जवळपास जुळतात. आपल्या जॅकार्डवर जुने पत्ते असतील तर शंभर वर्षांनीही तीच वेल, तेच फूल उतरते. पत्ते हरवले आणि जुनी चादर पाहून नवे पाडले की फूल फुगते, देठ वाकतो, आणि विकणारा म्हणतो, चालते हो, गिऱ्हाइकाला काय कळते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पार्कर-हेलचा कारभार बदलला आणि या रायफलींचे काम इटलीला गेले. नाव तेच राहिले. नळीवर पार्कर-हेल, पण माल गार्दोनेच्या बाजूचा. यात लपवाछपवी नव्हती, कारण नळीवरच्या तपासणीच्या खुणा इटलीच्या होत्या आणि वाचणाऱ्याला त्या वाचता येत. तरीही जुन्या मालाच्या बाजारात आज काय होते पाहा. गिऱ्हाईक नाव पाहून दाम सांगत नाही. बंदूक उलटी करतो, नळीवरची खूण शोधतो, आणि बर्मिंगहॅमची खूण दिसली तर जास्त पैसे मोजतो. पेढीच्या नावापेक्षा तिऱ्हाइताच्या ठप्प्याला जास्त किंमत आली.

तिऱ्हाइताचा ठप्पा

हा ठप्पा काय आहे ते नीट समजून घेऊ. बंदुकीची नळी फुटली तर चालवणाऱ्याचा हात जातो, डोळा जातो, कधी जीवही. म्हणून युरोपात नळी बनवणाऱ्याने स्वतःच "चांगली आहे" म्हणणे पुरे धरत नाहीत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने उभे राहिले. आणि ते उभे राहावे म्हणून खटपट करणारे खुद्द बर्मिंगहॅमचे बंदूक-व्यापारीच होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इटलीत गार्दोनेलाच १९१० पासून राष्ट्रीय तपासणीघर आहे.

रीत अशी. नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची, बंदूक बांधून ठेवून दुरून बार काढायचा, मग नळी आतून-बाहेरून तपासायची. फुगली, चिरली, तर नापास. टिकली तर नळीत ठप्पा ठोकायचा. बर्मिंगहॅमचा ठप्पा मुकुटाचा आणि अक्षरांचा. इटलीच्या ठप्प्यात काळ्या दारूसाठी 'पीएन' ही अक्षरे असतात आणि तपासणीचे वर्षही गुप्त अक्षरांत लिहिलेले असते. पूर्वी रोमन आकड्यांत लिहीत, १९७५ पासून 'एए' पासून सुरू होणाऱ्या जोडाक्षरांत. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची नकल आज कोणी "जुनी असल" म्हणून विकू लागला, तर नळीच त्याला खोटे पाडते.

या ठप्प्याचे पैसे कारखानदाराला मोजावे लागतात, नापास नळीचा तोटाही त्याचाच. पण त्यामुळेच गार्दोनेच्या एका अनोळखी पेढीचा माल अमेरिकेतला माणूस न बघता मागवतो.

नकलेला नकल म्हणून मान देण्याचे आणखी एक उदाहरण आहे. तोंडाकडून भरायच्या बंदुकांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून आहे. तिच्या सामन्यांत असल बंदुकीचा एक वर्ग आणि नकलेचा दुसरा वर्ग, दोन्हींना वेगवेगळी पदके. नकलेच्या वर्गात खेळणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. मात्र ती नकल जुन्या नमुन्याशी इमान राखणारी पाहिजे, नवी सोयीची सुधारणा चालत नाही.

ठप्पा खरवडणारे

आता दुसरी बाजू. लढाई करून दाखवणाऱ्या हौशी लोकांना नळीवरचे इटलीचे नाव, 'फक्त काळी दारू' अशी इंग्रजी सूचना आणि नव्या काळचा नंबर खुपतो. १८६२ च्या शिपायाच्या हातात असली अक्षरे कशी? म्हणून नव्या नकलेवरच्या खुणा घासून काढणे, लाकूड तासून बारीक करणे, त्याला तेल पाजणे आणि खटक्याच्या पट्टीवर मुकुट, 'टॉवर' आणि जुने साल ठोकणे, असा एक कारागिरीचा उपधंदाच अमेरिकेत निघाला. करणारा बहुधा प्रामाणिक असतो, करवून घेणाराही. पण ती बंदूक तिसऱ्या-चौथ्या हातात गेली की? दहा वर्षांनी एखाद्याच्या वारसाने ती लिलावात ठेवली की घेणारा तिला असल समजून दहापट देतो. गुन्हा कोणाचा ते शोधायला मग कोणी उरत नाही. काही कारखानदारांनी यावर शहाणपणाचा तोडगा काढला. आपले नाव आणि खुणा त्यांनी नळीच्या पोटाकडे, लाकडात झाकल्या जाणाऱ्या भागावर नेल्या. मैदानात दिसत नाहीत, उघडली की दिसतात.

हे लिहिताना मला १९९४ ची गोष्ट आठवते. वडिलांच्या गादीवर मी नुकताच बसू लागलो होतो. एका पेढीने आम्हाला चादरींच्या गाठी दिल्या. वर सोलापूरच्या नामांकित मालासारखे लेबल, दर नेहमीपेक्षा उतरता. वडील म्हणाले, लेबल राहू दे, काठ उलटून बघ. मी बघितला नाही. दोन धुण्यांत रंग गेला आणि गिऱ्हाइके चादरी खांद्यावर टाकून दुकानात आली. पैसे आम्ही परत केले. त्या पेढीने मात्र आम्हाला दिले नाहीत. ती चादर जर तिच्या खऱ्या नावाने, खऱ्या दराने आली असती तर मी ती स्वस्त चादर म्हणून विकली असती आणि कोणाची तक्रार आली नसती.

नकलेच्या ठप्प्याचे दुसरे टोक पाहायचे तर पेशावर आणि कोहाटच्या मधले दर्रा आदमखेल. तिथले कारागीर साध्या अवजारांवर, कानस आणि हातयंत्राने, मार्टिनी-हेन्री आणि ली-एन्फिल्ड रायफलींच्या हुबेहूब नकला करीत आले आहेत. हुन्नर असा की पाहणारा तोंडात बोट घालील. पण त्यांनी स्वतःचे नाव कधी ठोकले नाही. ठोकला तो इंग्रजांचाच मुकुट. इंग्रजी अक्षरे न वाचता नुसती चित्रासारखी उतरवल्यामुळे कुठे 'एन' उलटा पडला, कुठे राणी व्हिक्टोरियाच्या अक्षरांखाली तिच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे १९०१ च्या पुढचे साल आले. २००१ नंतर अफगाणिस्तानात आलेल्या परदेशी शिपायांनी बाजारातून अशा बंदुका 'पुराणवस्तू' म्हणून घेतल्या. घरी गेल्यावर जाणकारांनी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ही की, ही भिंतीवर लावा, हिच्यात बार भरू नका. कोणत्या पोलादाची नळी, कोणी तपासली, कोणाला ठाऊक? इतका हुन्नर असून दर्ऱ्याच्या एकाही उस्तादाचे नाव जगाच्या बाजारात पेदेरसोलीसारखे झाले नाही. मला याचे वाईट वाटते.

नावाच्या बाबतीत अमेरिकेचेही एक उदाहरण आहे, जरा वेगळे. स्प्रिंगफिल्ड आर्मरी हा मॅसॅच्युसेट्समधला सरकारी कारखाना १७९४ पासूनचा. १९६८ मध्ये सरकारने तो बंद केला, आज तिथे संग्रहालय आहे. ते प्रसिद्ध नाव मोकळे पडले. एका खाजगी व्यापाऱ्याने ते उचलले आणि १९७४ पासून इलिनॉय प्रांतातल्या रीज कुटुंबाने त्याच नावाने सरकारी एम-१४ रायफलीची नागरी नकल 'एम-१ए' म्हणून विकायला घेतली. कायद्याने सगळे चोख, मालही चालला. तरी नावाच्या भरवशावर कित्येक गिऱ्हाइके हा जुनाच सरकारी कारखाना समजतात. यात चूक कोणाची म्हणावी, याबद्दल माझे मन अजून एका बाजूला झुकलेले नाही. आपल्याकडेही मेलेल्या मिलचे नाव विकत घेऊन धोतराला लावणारे आहेत.

आपल्या देशाचा माल

शेवटी ज्याचा आपल्याशी सरळ संबंध आहे ते सांगतो. या बाजारात हिंदुस्थानी मालही आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी 'ब्राउन बेस' आणि फ्रेंच 'शार्लव्हिल' या चकमकीच्या बंदुकांच्या नकला आपल्या देशात बनून अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडला जातात. इटलीत जे जुने नमुने कोणी करीत नाही, तेही आपले कारागीर करून देतात. दर इटलीच्या मालापेक्षा बराच उतरता. नमुन्यांची विविधता हे आपले बळ आहे आणि परदेशातले हौशी लोक ते मान्य करतात.

पण माल जातो कसा? पुष्कळदा नळीच्या मुळाशी बत्ती लागण्याचे जे बारीक छिद्र असते, ज्याला जुने लोक कान म्हणत, ते पाडलेले नसते. छिद्र नाही म्हणजे बार निघू शकत नाही, आणि माल बंदूक न ठरता शोभेची वस्तू म्हणून पाठवता येतो. तिकडचा दुकानदार किंवा घेणारा ते छिद्र पाडतो. अशा नळीवर कोणत्याही तपासणीघराचा ठप्पा नसतो. मग तिकडे दर वेळी तोच वाद. एक म्हणतो, मी दहा वर्षे वापरतो, काही झाले नाही. दुसरा म्हणतो, नळीचे पोलाद कोणते, मागचा बूच किती आटे आत गेला आहे, कोण सांगणार? दोघांपैकी कोणाकडेही कागद नाही. आणि कागद नसला की दर चढत नाही. आपल्या कारागिराच्या हातात आणि ब्रेशियाच्या कारागिराच्या हातात जेवढा फरक आहे, त्यापेक्षा दोघांच्या दरात फरक जास्त आहे. मधला सगळा पैसा ठप्प्याचा.

इंग्लंडमध्ये काही दुकानदारांनी मार्ग काढला आहे. ते आपला हिंदुस्थानी माल मागवतात, तिथे छिद्र पाडून घेतात, बर्मिंगहॅमच्या तपासणीघरात पाठवतात, आणि जी नळी जास्त दारूचा बार सोसून मुकुटाचा ठप्पा घेऊन परत येते तीच बार काढण्यासाठी म्हणून विकतात. तपासणीची फी ते गिऱ्हाइकाकडून उघड वेगळी घेतात, आणि गिऱ्हाईक ती देतो. नळी तीच, लाकूड तेच, घडवणारा हातही आपलाच.

त्या दिल्लीच्या निर्यातदाराला मी हे सगळे एकदा फोनवर सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "कापडाचे सांगा. पुढच्या खेपेला लोकरीच्या प्रयोगशाळेचे सर्टिफिकेट जोडून पाठवाल का?" मी आधी फी किती पडते ते विचारले, आणि मग हो म्हणालो.